ही चिठ्ठी कोणाची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक ठराव आला. आतापर्यंत गटातलं अंतर्गत कर्ज कोणाला, किती आणि कशासाठी द्यायचं, हे त्या त्या गटातल्या दहा-बारा जणी मिळून ठरवायच्या. ठराव असा होता, की यापुढे हे ग्रामसंघाची कार्यकारिणी ठरवेल. कारण खोटं नव्हतं. दोन गटांची परतफेड थकली होती. एका गटाची वही सहा महिने लिहिलेलीच नव्हती. ‘एकाच ठिकाणाहून कारभार झाला की शिस्त येईल,’ असं मीच सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणाची हरकत आहे का विचारलं, तर सगळ्या खाली बघत बसल्या. मी म्हटलं, चला, एकमताने मंजूर.

चहा झाला. कोषाध्यक्ष ताईंनी पेटी उघडली, तर नोटांमध्ये घडी केलेलं वहीचं पान. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढलेलं. लिहिलं होतं, ‘रात्री माझी म्हैस आजारी पडली तर माझ्या गटाला कळतं. कार्यकारिणीला कसं कळणार? आणि तिथे नाही म्हणाले तर दाद कोणाकडे मागायची, ते ठरावात कुठे लिहिलंय?’

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘ही चिठ्ठी कोणाची?’

त्या प्रश्नाची मला आज लाज वाटते. का वाटते, ते कळावं म्हणून आज तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगणार आहे. बी.ए.ला इतिहास होता, तेव्हा ही गोष्ट परीक्षेपुरती वाचली होती. चिठ्ठी सापडल्यावर पुन्हा नीट वाचून काढली.

गोष्ट अमेरिकेची आहे. साल १७८७. म्हणजे इकडे महेश्वरला अहिल्याबाई होळकर राज्यकारभार पाहत होत्या, तो काळ.

अमेरिकेत तेव्हा तेरा राज्यं होती. आधी ती इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होती. १७७६ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पुढे सात वर्षं लढून ते मिळवलं. राजाच्या जाचातून सुटलेली माणसं ती. दूरच्या सत्तेचा त्यांनी धसका घेतला होता. म्हणून त्यांनी वरचं सरकार मुद्दाम कमजोर ठेवलं. कसं, तर तेरा बचत गट आहेत, वर ग्रामसंघ आहे, पण ग्रामसंघाला एक रुपयासुद्धा वसूल करता येत नाही. त्याने फक्त मागायचं, गटांनी मनात आलं तर द्यायचं. नियम बदलायचा तर तेराही जणांचा होकार पाहिजे. एकाने मान हलवली नाही की काम अडलं.

असा कारभार किती दिवस चालणार? लढाईचं कर्ज डोक्यावर होतं. सैनिकांचे पगार थकले होते. मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात कर आणि कर्ज यांनी शेतकरी पिचून गेले. कोर्टातून जप्ती यायला लागली, तेव्हा १७८६ मध्ये शेतकऱ्यांनी जमाव करून कोर्टंच बंद पाडली. त्यांचा एक म्होरक्या, डॅनियल शेज, हा स्वातंत्र्याच्या लढाईत लढलेला माणूस होता. पुढारी आणि सावकार मंडळी घाबरली. वर भक्कम सरकार नसेल तर सगळं विस्कटेल, असं त्यांना वाटलं. त्यांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्याही दोन गटांची परतफेड खरोखरच थकली होती.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फिया शहरात राज्यांचे प्रतिनिधी जमले. एकूण पंचावन्न जण येऊन-जाऊन होते. सगळे पुरुष. चार महिने चर्चा चालली. भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद, आणि आतलं बाहेर बोलायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद. १७ सप्टेंबरला दार उघडलं आणि बाहेर आली ती नवी राज्यघटना. एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. तिथे हजर असलेल्या तिघांनी सही करायला नकार दिला. नव्या घटनेत वरच्या सरकारला कर घ्यायचा अधिकार होता, फौज ठेवायचा अधिकार होता, आणि त्याचा कायदा राज्यांच्या कायद्याच्या वर होता. तेरापैकी नऊ राज्यांनी होकार दिला की झालं, ती लागू.

आता देशभर वाद पेटला. घटनेच्या बाजूने बोलणाऱ्यांना फेडरलिस्ट म्हणायचे, म्हणजे संघराज्यवाले. विरोधकांना नाव पडलं अँटीफेडरलिस्ट. हे नाव त्यांनी स्वतःहून घेतलेलं नव्हतं, समोरच्यांनी चिकटवलेलं होतं. ते म्हणायचे, आम्हीही एकत्रच राहायचं म्हणतो, पण सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला नकोत.

हा वाद झाला मुख्यतः वर्तमानपत्रांतून आणि छोट्या पुस्तिकांतून. आणि मैत्रिणींनो, लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपलं नाव दिलं नाही. कोणी ‘ब्रूटस’ झाला, कोणी ‘केटो’. ही जुन्या रोममधल्या माणसांची नावं. कोणी ‘सेंटिनेल’ झाला, म्हणजे पहारेकरी. कोणी नुसतं ‘फेडरल फार्मर’ लिहिलं, म्हणजे शेतकरी. घटनेच्या बाजूचे तीन मोठे पुढारी, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे, यांनीही ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने पंच्याऐंशी लेख लिहिले. म्हणजे ही केवळ भित्र्यांची रीत नव्हती. आपल्याकडे गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘शतपत्रे’ लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावानेच.

नाव का लपवायचं? एक कारण असं, की वाचणाऱ्याने माणूस बघू नये, मुद्दा बघावा. मोठ्या घरच्याने लिहिलं म्हणून मान डोलवू नये आणि लहान माणसाने लिहिलं म्हणून नाक मुरडू नये. दुसरं कारण साधं आहे, भीती. बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने तर ऑक्टोबर १७८७ मध्ये जाहीरच केलं, की घटनेच्या विरोधातला लेख छापून हवा असेल तर लेखकाने आपलं नाव आमच्याकडे ठेवावं, कोणी मागितलं तर आम्ही ते सांगू. घटनेची बाजू घेणाऱ्यांना अशी अट नव्हती. आता सांगा, ज्याचं पोट गावातल्या सावकारावर किंवा साहेबावर अवलंबून आहे, तो काय लिहिणार?

पण या लोकांचं म्हणणं काय होतं, ते बघू. ‘ब्रूटस’ने ऑक्टोबर १७८७ ते एप्रिल १७८८ या काळात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात सोळा लेख लिहिले. हा ब्रूटस कोण, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. बरेच जण न्यायाधीश रॉबर्ट येट्स यांचं नाव घेतात. पण त्याचे मुद्दे मात्र कोणाही बाईला चटकन समजावेत असे आहेत.

पहिला मुद्दा अंतराचा. देश एवढा मोठा, एका टोकाला मासेमारी, दुसऱ्या टोकाला शेती, हवा वेगळी, रीतभात वेगळी. लांब बसलेल्या माणसाला इथल्या चुलीवर काय शिजतंय आणि काय शिजत नाही, हे कसं कळणार?

दुसरा मुद्दा माणसांच्या संख्येचा. नव्या लोकसभेसारख्या सभागृहात सुरुवातीला फक्त पासष्ट प्रतिनिधी असणार होते, आणि लोक होते तीस लाखांच्या वर. ब्रूटसचं म्हणणं, एवढ्या थोड्या जागांवर मोठी आणि पैसेवाली माणसंच जाणार. शेतकरी, कारागीर तिथे पोचणारच नाही.

तिसरा मुद्दा शब्दांचा. घटनेत एक कलम होतं, की वरच्या सरकारला आपलं काम करण्यासाठी जे कायदे ‘आवश्यक आणि योग्य’ वाटतील ते करता येतील. ब्रूटस म्हणाला, हे शब्द फार सैल आहेत. योग्य काय, हे ठरवणार कोण? तेच. मग अडवणार कोण? कागदावर सैल शब्द ठेवला की पुढे त्यातून गाडी जाते, हे आपण कर्जाच्या कागदावर अंगठा देऊन शिकलेलो आहोत.

ब्रूटसने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. अमेरिकेत तेव्हा आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची गुलामी चालायची. घटनेत असं ठरलं होतं, की राज्याला किती प्रतिनिधी मिळणार हे मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. म्हणजे गुलामांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याला जागा जास्त. ब्रूटसने या हिशेबावर कडक टीका केली. पण हेही सांगितलं पाहिजे, की विरोधकांपैकी कितीतरी जणांच्या घरीच गुलाम होते. सही न करणाऱ्या तिघांतले जॉर्ज मेसन हे त्यांतलेच. आपल्या स्वातंत्र्याचं बोलताना घरातल्या राबणाऱ्या माणसाचं स्वातंत्र्य दिसत नाही, हा दोष तिथेही होता.

विरोधकांचा सगळ्यात मोठा मुद्दा मात्र वेगळाच होता. ते विचारत होते, या घटनेत माणसाचे हक्क कुठे लिहिलेत? बोलण्याचा, छापण्याचा, आपला धर्म पाळण्याचा हक्क? सरकारचा माणूस विनाकारण घरात घुसू नये, हे कुठे लिहिलंय? बाजूने बोलणारे म्हणायचे, लिहायची काय गरज? जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही, तो ते वापरेल कसं? विरोधक म्हणायचे, मग लिहायला तरी काय हरकत आहे?

फेब्रुवारी १७८८ मध्ये बोस्टनला एकोणीस पानांची एक पुस्तिका निघाली. लिहिणाऱ्याचं नाव ‘कोलंबियन पेट्रियट’, म्हणजे अमेरिकेचा देशभक्त. हक्कांची यादी नाही, छापण्याच्या स्वातंत्र्याची हमी नाही, न्यायालयांच्या अधिकाराला सीमा नाही, उभ्या फौजेला लगाम नाही, असे एकामागोमाग एक आक्षेप त्यात मांडले होते. वसुलीचा कोणीही फालतू अधिकारी आपल्या घरात घुसून झडती घेईल, अपमान करेल, वस्तू उचलून नेईल, ही भीतीही त्यात होती. न्यूयॉर्कमधल्या विरोधकांनी या पुस्तिकेच्या सोळाशेच्या वर प्रती गावोगाव वाटायला पाठवल्या. त्यावर ऑल्बनी गावच्या कार्यकर्त्यांनी उलट कळवलं, की भाषा फार उंची आणि अलंकारिक आहे, इकडच्या साध्या माणसांना झेपत नाही. हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडे येणारी परिपत्रकं आठवली.

ही पुस्तिका कोणी लिहिली? लोक म्हणाले, एल्ब्रिज गेरी. सही न केलेल्या तिघांपैकी एक, बोस्टनकडचे मोठे पुढारी. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ गेरींचंच नाव त्या पुस्तिकेवर राहिलं. मग १९३० च्या सुमारास एक जुनं पत्र पुढे आलं. पुस्तिका लिहिणाऱ्या व्यक्तीनेच १७८८ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या मैत्रिणीला लिहिलेलं. तेव्हा कळलं, की तो ‘देशभक्त’ एक बाई होती. तिचं नाव मर्सी ओटिस वॉरन.

मर्सीबाई १७२८ मध्ये जन्मल्या. तेरा भावंडांत तिसऱ्या. भाऊ कॉलेजात जाण्याची तयारी करायचे, तेव्हा त्यांच्या शिकवणीला या शेजारी बसायच्या. कॉलेजचं दार मुलींना बंद होतं, म्हणून त्यांचं शिक्षण तेवढंच. लग्न झालं, पाच मुलगे झाले, आणि घर सांभाळून त्यांनी लिहिलं. इंग्रज गव्हर्नरची खिल्ली उडवणारी नाटकं १७७२ पासून छापून आली, तीही बिननावाची. इंग्रज अधिकाऱ्यांनी हवं त्याच्या घराची झडती घ्यावी, या हुकमांविरुद्ध त्यांचे भाऊ जेम्स ओटिस १७६१ मध्ये कोर्टात उभे राहिले होते. म्हणजे घराच्या उंबऱ्याचा तो मुद्दा पुस्तिकेत उगाच आलेला नव्हता. बाईने माहेरी ते सगळं पाहिलेलं होतं.

पुस्तिका लिहिली तेव्हा त्यांचं वय एकोणसाठ. त्यांच्या राज्यात बाईला मत नव्हतं. घटनेवर हो किंवा नाही म्हणायला जी सभा भरली, तिच्या दारातही बाईला जागा नव्हती. नाव लपवलं म्हणून निदान म्हणणं तरी वाचलं गेलं.

शेवटी काय झालं? विरोधक हरले. त्यांच्यात एकी नव्हती, प्रत्येकाचं म्हणणं थोडं वेगळं होतं, आणि बहुतेक वर्तमानपत्रं समोरच्या बाजूला होती. जून १७८८ मध्ये नवव्या राज्याने होकार दिला आणि घटना लागू झाली. पण आकडे बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८. न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. एवढ्या थोड्या मतांनी जिंकणाऱ्यांना हरणाऱ्यांचं ऐकावं लागलं. मॅसॅच्युसेट्सने होकार देतानाच सोबत दुरुस्त्यांची यादी जोडली. इतर राज्यांनीही तसंच केलं. मग, हक्कांची यादी आधी गरजेची न मानणाऱ्या जेम्स मॅडिसन यांनीच जून १७८९ मध्ये संसदेत दुरुस्त्या मांडल्या. १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतल्या दहा घटनेत आल्या. बोलण्याचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, आणि सबळ कारण व नेमकी जागा लिहिलेल्या वॉरंटाशिवाय घराची झडती नाही, हे सगळं त्यात आहे. आज अमेरिकेचा माणूस ज्या हक्कांचा अभिमान बाळगतो, ते हरलेल्या बाजूच्या आग्रहातून आलेत.

वरचं सरकार भक्कम राहिलंच. कर कमी करा, अधिकार कमी करा, या मागण्या मान्य झाल्या नाहीत. पण सत्तेला कुठे थांबायचं, ते कागदावर आलं.

आपल्या देशाची घटना लिहिली गेली तेव्हा तिच्या कर्त्यांपुढे हा अनुभव होता. आपणही केंद्र भक्कम ठेवलं. पण मूलभूत हक्क मागाहून जोडावे लागले नाहीत, ते पहिल्यापासून तिसऱ्या भागात लिहिलेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समितीने केलेला मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांपुढे ठेवून सूचना मागवल्या गेल्या. खिडक्या बंद नव्हत्या. आणि घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या, आपापल्या नावानिशी.

मर्सीबाईंच्या नावाचं पुढे काय झालं, तेही सांगते. १८०५ मध्ये त्यांनी स्वातंत्र्याच्या लढ्याचा तीन खंडांचा इतिहास छापला. या वेळी स्वतःचं नाव घालून. तेव्हा त्या शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. देशाचे माजी अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हे त्यांचे जुने स्नेही. पुस्तकात आपल्यावर टीका आहे म्हणून ते संतापले. नंतर त्यांनी एका पत्रात लिहून टाकलं, की इतिहास हा बायकांचा प्रांत नव्हे. हे पत्र कोणाला लिहिलं असेल? त्याच गेरींना, ज्यांच्या नावावर बाईंची पुस्तिका जमा होती!

पण पुढे मन निवळलं. १८१४ मध्ये मर्सीबाईंच्या कानावर आलं, की त्यांचं एक जुनं नाटक दुसऱ्याच माणसाच्या नावावर सांगितलं जातंय. त्यांनी अ‍ॅडम्सना कळवलं. तेव्हा अ‍ॅडम्स बोस्टनच्या ग्रंथालयात स्वतः गेले आणि तिथल्या प्रतीवर, हे नाटक मर्सी वॉरन यांचं आहे, अशी नोंद करून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. वय श्याऐंशी. त्या पुस्तिकेवर मात्र त्यांचं नाव यायला आणखी शंभराहून जास्त वर्षं जायची होती.

आता आमच्या चिठ्ठीकडे येते.

त्या दिवशी मी ‘कोणाची’ असं विचारलं आणि सगळ्या जणी एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. एक म्हणाली, अक्षर अमक्या वस्तीतलं दिसतंय. दुसरी म्हणाली, समोर बोलायची हिंमत नाही तर लिहायचं कशाला? चिठ्ठीत काय लिहिलंय, यावर एक शब्द निघाला नाही. ती चूक माझी होती. सहयोगिनी म्हणून माझं काम होतं चिठ्ठी मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, की बायांनो, याचं उत्तर काय?

ते मी पुढच्या बैठकीत केलं. ठराव पुन्हा मांडला. दोन तास चर्चा झाली. थकबाकीचा प्रश्न खरा होता, म्हणून मोठं कर्ज ग्रामसंघाने बघायचं ठरलं. दवाखाना, जनावर, शाळेची फी अशी तातडीची छोटी रक्कम गटानेच द्यायची. कार्यकारिणीने नाही म्हटलं तर कारण लेखी द्यायचं आणि त्या बाईला सर्वसाधारण सभेत दाद मागता येईल, हे ठरावात शब्दांत लिहिलं. कोषाध्यक्ष ताई अजून म्हणतात, की शिस्त पूर्ण आली नाही. त्यांचंही खरं आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बसून बघू.

तुमच्याही गटात एवढं करून बघा. ठराव मंजूर करण्याआधी शब्दन् शब्द मोठ्याने वाचा. नाही म्हटलं तर दाद कुठे, ते विचारा. आणि बचतीच्या पेटीशेजारी चिठ्ठ्यांसाठी एक डबा ठेवा. आलेली चिठ्ठी वाचा, अक्षर ओळखत बसू नका.

आमची ती चिठ्ठी लिहिणारी कोण, ते मला अजून माहीत नाही. आता मी विचारतही नाही. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘एका सदस्येने घेतलेल्या हरकतीमुळे ठरावात दुरुस्ती करण्यात आली.’ त्या वाक्यापुढे नाव मावेल एवढी जागा मोकळी सोडली आहे. तिला वाटेल तेव्हा तिने यावं. पेन माझ्याकडे आहे.